सहाणेवर झिजलेली वर्षे

एका राज्यात नदी होती पण पाणी नव्हते, आभाळ होते पण वारा नव्हता, आणि राजा होता पण सिंहासन रिकामे होते. हे असे का झाले ते आधी ऐका, म्हणजे पुढचे कळेल.

राजाचे नाव वज्रसेन. शूर होता, न्यायी होता, पण सोने दिसले की त्याचा हात मागे येत नसे. राज्याच्या सीमेवर एक काळा डोंगर होता आणि त्या डोंगराच्या पोटात अंजनकेश नावाच्या मांत्रिकाचे भांडार होते. मांत्रिक त्या सोन्याला कधी शिवत नसे. राखत असे, एवढेच. राजाला हे पटेना. जे कोणी वापरत नाही ते कोणाच्या मालकीचे कसे, असे तो म्हणाला, आणि एके दिवशी गाड्या जुंपून त्याने सारे भांडार राजवाड्याच्या तळघरात आणून भरले. मांत्रिक भांडायला आला नाही. त्याने डोंगरावर बसल्या जागी तीन गाठी मारल्या. पहिली नदीला, दुसरी वाऱ्याला, तिसरी राजाला.

नदी उगमापाशीच थबकली. वारा खिंडीत अडकला. मळलेले धान्य भुशासकट खळ्यावर पडून राहिले, कारण उफणायला वारा नाही, आणि चुलीचा धूर घराघरांत कोंडून राहिला. राजा सोने पाहायला तळघरात उतरला तो वर आलाच नाही. त्याच्या छातीतून केसाएवढा सोन्याचा तंतू निघाला आणि भांडाराच्या हंड्यांना वेढे घालून बसला. राजा जेवत असे, बोलत असे, झोपत असे. त्याला जागचे उठता मात्र येत नसे. तंतूवर तलवारी चालवल्या, कुऱ्हाडी घातल्या, पण त्यावर ओरखडाही उठला नाही.

राजाला दोन अपत्ये, थोरली शाल्मली आणि धाकटा सुकेतू. राणी सुकेतूच्या जन्माच्या वेळीच गेली, म्हणून शाल्मलीने त्याला कडेवर घेऊन वाढवले. ती स्वतः तेव्हा एवढीशी होती. मूल खाली सरकू लागले की त्याला गुडघ्याने वर ढकलायची. आता त्याला मिसरूड फुटली होती, तरी दिवसातून दहा वेळा ‘अक्का’ अशी हाक आल्याशिवाय राजवाड्यातला दिवस सरत नसे.

या घराण्याची एक रीत इथेच सांगून ठेवतो, नाहीतर पुढे तुम्ही उगाच शाल्मलीला बोल लावाल. त्या घरात शस्त्र कधी नोकराकडून पाजळून घेत नसत. मूल हातात सुरी धरू लागले की त्याच्यापुढे सहाण ठेवत. सहाणेचे दगड तीन: एक खरबरीत, एक मधला, आणि एक निळसर, बोटाखाली शेवाळासारखा गुळगुळीत. दिवेलागणीला घरात बोथट पाते असता कामा नये, हा नियम राजापासून सगळ्यांना सारखाच. पाहुण्याच्या कमरेची सुरी बोथट दिसली तर तीही मागून घेत, धार लावत आणि परत देत. त्याला ती बोथटच हवी आहे का, असे कोणी विचारत नसे. आणि साऱ्या घरात शाल्मलीचा हात सर्वांत पक्का होता.

सुकेतू एका सकाळी डोंगराकडे निघाला. मांत्रिकाची क्षमा मागतो, एवढेच त्याने बहिणीला सांगितले. शाल्मलीने त्याला वाटेसाठी दशम्या बांधून दिल्या आणि दिवस मावळायच्या आत घरी ये, असे बजावले. तो आला नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हे उतरली तेव्हा शाल्मली खिडकीशी वाट पाहत बसली होती. डोंगराच्या दिशेने एक धनेश पक्षी आला. त्याच्या मोठ्या पिवळ्या चोचीत एक सुरी होती. सुरी मिटणारी नव्हती. वीतभर पाते काळ्या शिंगाच्या मुठीत कायमचे बसवलेले होते. पात्यावर गंजाचे ठिपके होते आणि धारेला एका जागी खांड पडली होती. पक्ष्याने सुरी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि तो बाजूला बसून राहिला. ‘कोणी विचारल्याशिवाय सांगायचे नाही,’ अशी मांत्रिकाची त्याला आज्ञा होती.

शाल्मलीने विचारले नाही. तिने सुरी पाहिली, खांड पाहिली, आणि मावळतीला टेकलेला सूर्य पाहिला. त्या घरच्या माणसाला एवढे दिसले की दुसरे काही दिसत नसे.

तिने सहाण काढली. पाण्याची टंचाई इतकी, की माणशी तांब्याभर पाणी मिळे. तिने आपल्या वाट्याचा तांब्या दगडावर ओतला. दगड पाणी प्यायला, बुडबुडे थांबले, तेव्हा ती बैठक घालून नीट बसली. धारेची खांड काढायची म्हणजे नुसती खांड घासून भागत नाही. खांड जितकी खोल, तितकी सारी धार मुठीपासून टोकापर्यंत खाली उतरवावी लागते. तिने खरबरीत दगडावर अंगाचा भार घालून हात चालवला. भावाची काळजी होती, वाट पाहून जीव मेटाकुटीला आला होता, ते सारे त्या हातात उतरले. दगडावर काळसर गाळ साचत गेला. तो तिने पुनःपुन्हा पुसून अंगणात झटकला. मग मधला दगड, मग निळा. सूर्य बुडाला तेव्हा पात्यावर गंजाचा ठिपका नव्हता, खांड नव्हती, आणि डोक्यावरचा एक केस उपटून तिने धारेवर सोडला तर त्याचे दोन झाले.

काम चांगले उतरले म्हणून तिला जरा बरे वाटले. तेव्हा तिने पक्ष्याकडे पाहून विचारले, “ही सुरी कोणाची?”

धनेशाने चोच उघडली. “कोणाची नव्हे, राजकन्ये. हा तुझा भाऊ आहे.”

मग त्याने सारे सांगितले. सुकेतूने मांत्रिकाचे पाय धरले होते. मांत्रिक म्हणाला, गाठी मारता येतात, सोडता मलाही येत नाहीत. त्या कापाव्याच लागतील, आणि त्याला चोराच्या रक्ताचे पाते हवे. अमावास्येच्या आत तिन्ही तुटल्या तर ठीक, नाहीतर त्या कायमच्या. सुकेतूने फार विचार केला नाही. मी पाते होतो, म्हणाला. त्यावर मांत्रिकाने त्याला शेवटची अट ऐकवली. प्रत्येक गाठीवर धार मोडेल आणि पुन्हा लावावी लागेल, आणि ती त्याच्या घरच्याच हाताने. सहाणेवर पाते जेवढे झिजेल, तेवढी त्याच्या आयुष्यातली वर्षे जातील. तिसरी गाठ तुटली की तो पुन्हा माणूस होईल, जेवढा उरला असेल तेवढा.

शाल्मलीने सुरी उचलून पाहिली. काळ्या मुठीवर एक पांढरी रेघ उमटली होती. मघाशी ती नव्हती.

“ती खांड,” तिने विचारले, “गाठ कापायच्या आड आली असती?”

“नाही,” धनेश म्हणाला.

“मग तू बोलला का नाहीस?”

“तू विचारले नाहीस.”

ती अंगणात गेली. झटकलेला गाळ मातीत जिरून गेला होता. तिला आपल्या हाताचा इतका राग आला, की तो हात तिने त्या संध्याकाळी जेवणालाही लावला नाही, उपाशीच राहिली. भाऊ परत येईल, पण केवढा होऊन येईल? त्याची किती वर्षे तिने आपल्या हाताने पुसून अंगणात टाकली? दुसरे काही तिच्या मनात उरले नाही.

उजाडताच ती नदीच्या उगमाकडे निघाली. धनेश एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जात तिला वाट दाखवत होता. उगमापाशी दोन कड्यांच्या मध्ये पाण्याचा पीळ उभा होता, निळा, थंड, बैलाच्या मानेएवढा जाड, आणि मधोमध त्याला गाठ होती. खालच्या गावच्या बाया रिकाम्या घागरी घेऊन तिथे रोज येत आणि गाठीकडे पाहून परत जात. शाल्मलीला पाहून त्या बाजूला झाल्या. तिने गाठीवर सुरी ठेवली आणि एकदाच ओढली. गाठ कापली गेली. पाणी कड्यांमधून खाली कोसळले, बाया कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून रडू लागल्या, कोणी तिच्या पायांवर पाणी घातले. शाल्मली पाहत होती ती सुरीची धार. धार मुठीपासून टोकापर्यंत मोडली होती.

दुसरी गाठ वाऱ्याची. ती खिंडीत होती, आणि खिंड वाटेवरच होती. शाल्मली नदीकाठच्या एका खडकावर सहाण मांडून बसली. या वेळी तिने खरबरीत दगड बाहेर काढलाच नाही. मधला घेतला, आणि हात असा ठेवला की पाते दगडाला टेकते आहे की नाही हे तिलाच कळू नये.

इथे धार लावण्याची एक गोष्ट समजून घ्या. पात्याची एक बाजू घासत गेले की धारेच्या काठावर लोखंडाची एक बारीक कोर उभी राहते आणि पलीकडे वळते. डोळ्यांना ती दिसत नाही, नखाला लागते. या कोरेने केस कापला जातो, कागद कापला जातो, नवशिक्याला वाटते झाली धार. पण ती खोटी धार. पहिल्या खऱ्या कामाला ती दुमडते. म्हणून जाणता माणूस तिथे थांबत नाही. आलटून पालटून हलके हात देत ती कोर काढून टाकतो, तेव्हा तिच्याखालची खरी धार उघडी पडते. शाल्मलीला हे लहानपणापासून ठाऊक होते. सुकेतूला तिनेच शिकवले होते.

तिच्या नखाला कोर लागली. तिने एक केस धारेवर सोडला, त्याचे दोन झाले. आता पुढचे हात द्यायचे म्हणजे आणखी गाळ, आणखी वर्षे. तिने मुठीकडे पाहिले. पांढरी रेघ जराशी रुंदावली होती. तिला वाटले, एकच तर घाव घालायचा आहे. तेवढ्यापुरती ही धार टिकेल.

“झाली?” धनेशाने विचारले.

“झाली,” ती म्हणाली, आणि तिने त्याच्याकडे पाहिले नाही.

खिंडीत वारा गाठीत अडकून घुमत होता. त्याला रंग नव्हता, पण आतल्या आत फिरणाऱ्या पाचोळ्यामुळे गाठ कुठे आहे ते कळत होते. शाल्मलीने सुरी ओढली. अर्धी गाठ कापली गेली आणि कोर दुमडली. पाते सटकले. दुखावलेला वारा मागे फिरला आणि उरलेली गाठ आवळून पहिल्यापेक्षा घट्ट झाली. शाल्मली खडकावर आदळली. तिने सुरी डोळ्यांपाशी धरली, तर दुमडलेल्या कोरेने जाताना खालची धारही ओरबाडून नेली होती, जागोजागी.

दया केली ती अशी महागात पडली. आता खरबरीत दगडावाचून इलाज नव्हता.

तिने खिंडीतच सहाण मांडली. पाणी ओतण्याआधी ती सुरी मांडीवर घेऊन घटकाभर बसली. मग तिने सुरीला सांगितले, “सुकेतू, मी चुकले. आता पुरते करते.” तिने पाते आडवे ठेवले, पाठ करंगळीच्या नखाएवढी उचलली, आणि दुधावरची साय काढावी तसे मुठीकडून टोकाकडे पाते ओढले. या बाजूने जेवढे हात, तेवढेच त्या बाजूने. खरबरीत, मधला, निळा. कोर आली, ती तिने काढली. शेवटी आपल्या पादत्राणाच्या कातडी पट्ट्यावर पाते उलटसुलट फिरवले. मुठीवरची रेघ आता बोटभर रुंद झाली होती, आणि शाल्मली रडत होती, पण हात हलला नाही.

गाठ दुसऱ्या घावाला तुटली. वारा खिंडीतून सुटला आणि साऱ्या राज्यावरून धावला. घरांतला कोंडलेला धूर निघून गेला, आणि खळ्याखळ्यांवर माणसे सुपे घेऊन धान्य उफणायला उभी राहिली. तो आनंद शाल्मलीला खिंडीतून दिसत होता. धनेशाची पिसे वाऱ्याने उलटी झाली, ती त्याने सावकाश नीट केली.

“आता?” शाल्मलीने विचारले. “एक उरली,” तो म्हणाला.

शाल्मलीने सुरी तळहातावर ठेवली. आधी तीन बोटे रुंद असलेले पाते आता दोन बोटांचेही उरले नव्हते.

राजवाड्यात परतल्यावर तिने दोन्ही दगड बाजूला ठेवले आणि फक्त निळा घेतला. निळा दगड लोखंड फार थोडे खातो, पण त्याला फार वेळ लागतो. खरबरीत दगडावर जे काम एका दुपारचे, त्याला निळ्यावर कितीतरी दिवस. तिकडे चंद्र रोज कमी होत होता. सकाळी उजेड झाला की ती बसे आणि उजेड गेला की उठे. पाठ ताठली, बोटांची कातडी पाण्याने सुरकुतली. दासी घास भरवू लागल्या तर तिने त्यांना परत पाठवले. तेवढ्यात हाताचा कोन बदलला तर सारे पुन्हा करावे लागेल, म्हणाली. प्रधान येऊन काळजीने विचारून गेला, की अमावास्या जवळ आली, खरबरीत दगड घ्यावा का. शाल्मलीने त्याला शांतपणे सांगितले, की खरबरीत दगड घेतला तर गाठ आज तुटेल आणि भाऊ उरणार नाही. त्यानंतर कोणी विचारायला आले नाही.

अमावास्येच्या दिवशी दुपारी कोर आली. शाल्मलीने ती नखाने चाचपली. या वेळीही तिचे मन म्हणाले, थांब. ती थांबली नाही. आलटून पालटून, मोरपीस फिरवावे इतक्या हलक्या हाताने तिने कोर उतरवली आणि खरी धार उघडी केली. मूठ आता सारी पांढरी झाली होती. काळ्याची एक टिकली तेवढी टोकाशी शिल्लक होती.

ती तळघरात उतरली. राजा वज्रसेन हंड्यांना पाठ टेकून बसला होता. वर नदी वाहते आहे, वारा सुटला आहे, हे त्याच्या कानांवर आले होते. लेकीच्या हातातली सुरी पाहताच त्याने छातीतला तंतू दोन्ही हातांनी झाकला.

“कापू नकोस,” तो म्हणाला. “हा तुटला की सोने जाईल. नदी आली, वारा आला. आता राज्याला काय कमी आहे? मी इथे बसून राहीन. मला काही त्रास नाही.”

शाल्मली त्याच्यासमोर बसली आणि तिने सुरी त्याच्या मांडीवर ठेवली. “आबा, ही कोणती सुरी आहे, ओळखा.”

राजाने सुरी उचलली. त्याच घरचा तो, पाते हातात आल्यावर अंगठा आपोआप धारेवर गेला. “धार तू लावली आहेस,” तो म्हणाला. “पण फार झिजली आहे. इतकी का झिजवलीस?”

“हा सुकेतू आहे.”

मग तिने त्याला सगळे सांगितले. खांड सांगितली, अंगणात झटकलेला गाळ सांगितला, खिंडीतली खोटी धारही सांगितली. राजा ऐकत होता. बोलणे संपले तरी तो पांढऱ्या मुठीवरून हात फिरवत राहिला. मग त्याने विचारले, “किती वर्षे गेली त्याची?”

“मला माहीत नाही, आबा.”

राजाने सुरी तिच्या हाती परत दिली. मग त्याने छातीतला तंतू दोन्ही मुठींत धरला आणि तिला कापायला सोपे जावे म्हणून आपल्याच हातांनी ताणून धरला. “ओढ,” तो म्हणाला. “एकदाच ओढ. त्याला दुसऱ्यांदा दगडावर नेऊ नकोस.”

तिने सुरी ओढली. तंतू तुटला. हंड्यांतले सोने गेले. त्याच्या जागी नदीतले गोटे उरले, साधे, करड्या रंगाचे. राजाच्या छातीवर एक लहानसा डाग राहिला. आणि शाल्मलीच्या हातात सुरी नव्हती.

तिच्यासमोर एक पुरुष उभा होता. केस पांढरे, दाढी पांढरी, खांदे किंचित झुकलेले. राजवाड्यातून निघताना अंगावर होते तेच कपडे त्याच्या अंगावर होते, आणि ते त्याला आखूड झाले होते. त्याच्या शेजारी राजा उभा राहिला तेव्हा बाप कोण आणि लेक कोण ते सांगता आले नसते. राजाने तोंडावर उपरणे घेतले आणि तो भिंतीकडे वळला.

एवढ्या वयाच्या माणसाला हाक कशी मारावी, हे शाल्मलीला सुचेना. त्या पुरुषाने एक पाऊल पुढे टाकले, गुडघ्यावर हात टेकवत तो हळूहळू वाकला, आणि त्याने तिच्या पायांना हात लावला.

“अक्का,” तो म्हणाला.

तिने त्याला दोन्ही दंड धरून उठवले. “मला माहीत नव्हते रे,” ती म्हणाली. “पहिल्या दिवशी मला माहीत नव्हते.”

“पहिल्या दिवशी तुझा हात फार जड होता,” सुकेतू म्हणाला. “मला वाटले, तू सांगितल्याप्रमाणे मी दिवस मावळायच्या आत आलो नाही, म्हणून तू रागावलीस. नंतर हात हलका झाला. तेव्हा समजले, तुला कळले.”

शाल्मली त्याला बिलगून रडली. लहानपणी तो रडे तेव्हा ती त्याच्या पाठीवरून हात फिरवी. आता तो तिच्या पाठीवरून फिरवत होता. धनेश तळघराच्या झरोक्यात बसून हे पाहत होता. कोणी विचारल्यावाचून सांगायचे नाही ही त्याला आज्ञा होती, तरी त्या दिवशी त्याने आपणहून सांगितले. “मांत्रिकाला सांगतो,” तो म्हणाला, “की पाजळणारी चांगली होती. नाहीतर एवढाही उरला नसता.” आणि तो डोंगराकडे उडून गेला.

राजा वज्रसेन तळघरातून वर आला, पण सिंहासनावर बसला नाही. हंड्यांतले गोटे त्याने एकेक टोपली डोक्यावर घेऊन स्वतः नदीत नेऊन टाकले, आणि ते संपल्यावर तो वनात निघून गेला. प्रधानांनी मुकुट सुकेतूपुढे आणला. सुकेतूने तो घेतला नाही. मुकुटाला पुढे पुष्कळ वर्षे लागतात, ती माझ्याजवळ नाहीत, अक्काजवळ आहेत, असे तो म्हणाला, आणि ते खरेच होते. शाल्मली राणी झाली. नदी वेळेवर भरे, वारा वेळेवर सुटे, धान्य उफणून घरोघर जाई. त्या घरातली दिवेलागणीची रीत तिने मोडली. कोणतेही पाते दगडावर ठेवण्याआधी ते हातात घेऊन घटकाभर बसावे आणि याला धार हवी आहे का ते विचारावे, असे तिने ठरवले. अजूनही त्या राज्यात लोक तसेच करतात. का ते बहुतेकांना ठाऊक नसते.

सुकेतू थोडी वर्षे जगला. सभा भरे तेव्हा तो काठी टेकत येई, राणीच्या पायांना हात लावी, आणि मग तिच्या शेजारच्या आसनावर बसे. तिने त्याला किती वेळा सांगितले, की तुझी कंबर दुखते, वाकू नकोस. त्याने ऐकले नाही. दूरदेशीचे राजे पाहुणे येत आणि बुचकळ्यात पडत. पांढऱ्या केसांचा हा वृद्ध पुरुष एवढ्याशा तरुण राणीच्या पाया पडतो, हे कसे? धीर करून कोणी विचारलेच, तर तो हसून सांगे, “धाकटा आहे मी.”

त्यांच्या गाठी अशा तुटल्या. ऐकणाऱ्यांच्या याहून स्वस्तात तुटोत.